दोन बांधांची मोजणी

मी सोलापुरात कॉलेजात पर्यावरण शिकवते आणि माझा दादा माढ्याजवळ शेती करतो. आमचं बाकी सगळं जमतं, फक्त तणावरून वाजतं. ओढ्याकडच्या बांधावर तो दरसाल तणनाशक मारतो. विहिरीकडचा बांध तेवढा आईसाठी सोडलेला. वडील, आमचे आबा, गेल्यापासून आई कुठंच जात नाही, देवळात नाही की शेजारी नाही. सकाळी उठून त्या बांधावर तेवढी जाते आणि ओटीभर भाजी खुडून आणते. परवा दिवाळीला गेले तर दादा म्हणतो, "औंदा त्यो पण बांध मारून घेतो. लई माजलंय तितं." आई खुडून आणलेली भाजी निवडत राहिली. डोकं फिरलं ते माझं.

म्हटलं, दोन्ही बांधांचा विविधता निर्देशांक काढू. आईच्या बांधाचा जास्त आला तर पंप हातात घ्यायचा नाही.

"आन् माझ्या बांधाचा आला तर?"

"तर तुझी मर्जी."

दादा हसला. "तण ते तण. त्याचा कसला आलाय निर्देशांक?" असं म्हणून गडी ओढ्याकडं निघून गेला.

निर्देशांक म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. जाती किती हे तो बघतोच, पण त्या सारख्या वाटल्यात का हेही बघतो. पंगतीला दहा पदार्थ केले आणि पानात नुसता भातच वाढला तर त्याला कुणी मेजवानी म्हणत नाही, तसं. काठ्यांच्या चौकटी करायच्या, त्या जागोजाग टाकायच्या आणि आतलं एकेक रोप मोजायचं.

माझा पाय नेमका मुरगळलेला. म्हणून मी लिंबाखाली बसले मोबाइल घेऊन, आणि आईच्या बांधाचं एक टोक आईला दिलं, दुसरं वहिनीला. दोघी नावं ओरडून सांगायच्या, मी मोबाइलमध्ये भरायची. आईला आधी लाज वाटत होती. मग अशी काय रंगात आली म्हणता! "पाथरी घे. आणिक पाथरी. ही कुर्डू. अगं, लिवतीस का झोपलीस?" पलीकडून वहिनीचं "हक्करकी, हक्करकी, माठ, हक्करकी" चाललेलं. वहिनीचं माहेर अक्कलकोटकडं, तोंडात निम्मी कानडी. मला हक्करकी माहीत नव्हती. वर्गात पोरांना बजावते की नमुना बघितल्याशिवाय नाव लिहू नका, पण इथं आपली नवी जात सापडली म्हणून मी खूश.

मग ओढ्याकडचा बांधही मोजला. तिथं चारपाचच जाती, पण सगळ्या अगदी समसमान. तरी आकडा आईच्या बांधाचाच वर आला. मी दादाला हाक मारून निकाल सांगितला, जरा मिरवतच.

जेवायला तिथंच बसलो. वहिनीनं भाकरीवर हिरवा पाला ठेवला. "घ्या वन्सं, हक्करकी."

"अगं, ही तर पाथरी."

"व्हय, तीच की. आमच्याकडं हक्करकी म्हणत्यात."

दादाला ठसकाच लागला हसून हसून. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात सगळ्यांना हे ठाऊक, एक मीच शहाणी राहिले होते. एकाच झाडाच्या मी दोन जाती करून ठेवल्या होत्या. "कर आता परत हिशेब," दादा म्हणाला. केला. दोन्ही एकत्र केल्यावर बांधभर पाथरीच पाथरी झाली, म्हणजे पानात नुसता भात. आकडा घसरला तो दादाच्या बांधाच्याही खाली गेला. मला रडूच यायचं बाकी होतं. आई मान खाली घालून भाकरी मोडत होती.

"म्हंजे जिंकलो मी?"

"जिंकलास."

"मग आता माझी मर्जी."

"तुझी."

"मग न्हाय मारत."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. तो आपला भाकरीकडं बघून बोलत होता. "मगाशी मी पार ओढ्याला व्हतो. आईचा आवाज तितंवर येत व्हता. आबा गेल्यापास्नं एवढ्या मोठ्यानं बोलताना आयकलं न्हवतं मी तिला."

वहिनी उगाच पदर सारखा करू लागली.

आईनं मूठभर पाला उचलून त्याच्या ताटात टाकला आणि चांगली खणखणीत म्हणाली, "बोलू नगं, जेव आधी."