दारातला मोगरा

आमच्या सेनगावच्या कचेरीतला माळी फुलांचं कौतुक करत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी तो साहेबांना बागेतून फिरवतो आणि वर्षभरात काय लावलं, काय फुललं, काय मेलं ते सांगतो. फुललेल्याचं घाईत उरकतो. ‘शेवंती आली. जास्वंद येऊनच राहिली.’ मेलेल्या झाडापाशी मात्र थांबतो, टोपी काढतो आणि कारण सांगतो.

यंदा मे महिन्यात पोरीच्या लग्नासाठी तो आठ दिवस कुरुंद्याला गेला. झाडांना पाणी घालायचं काम त्यानं माझ्यावर सोपवलं होतं. मी दोन दिवस घातलं, मग चक्क विसरलो. त्यानं सहा वर्षं वाढवलेला दारातला मोगरा वाळून गेला.

फेरीच्या दिवशी मी साहेबांच्या मागं होतो. मोगऱ्यापाशी त्यानं टोपी काढली.

“हा गेला, साहेब. माझी चूक.”

साहेब मान हलवून पुढं गेले. मीही त्यांच्या मागोमाग गेलो.

संध्याकाळी त्याला गाठून विचारलं, “मामा, तुमी काहून स्वतःवर घेतलं?”

“तुमाला झाडातलं काय कळतं? ज्याला कळतं त्यानं जायचं न्हवतं.”

“पोरीचं लग्न होतं की.”

“व्हय. म्हणून गेलो.”

दुसऱ्या दिवशी मी वसमतहून मोगऱ्याचं रोप आणलं. त्यानं पिशवी फाडून मुळं पाहिली, “बरं हाय,” म्हणाला आणि ते लावलं. मी पाण्याची बादली उचलली. त्यानं ती अलगद माझ्या हातातून काढून घेतली.

“ऊन लई हाय,” तो म्हणाला. “तुमी आत बसा.”