एका नंबरावरची अडतीस माणसं

लालबागच्या मंडळाची रक्तदात्यांची वही धोंडूकाकांनी तीस वर्षं हातानं लिहिली. परळच्या इस्पितळातून फोन आला की काका वहीवर बोट फिरवायचे आणि नेमका माणूस काढून द्यायचे. वहीला कसर लागली तेव्हा काकांच्या चाळीतल्या अनुजानं ती सगळी कॉम्प्युटरवर घेतली. दोन वर्षांची नोकरी झालेली इंजिनियर पोरगी. तिच्या शब्दावर काकांनी वही रद्दीत दिली.

परवा तिला वाटलं, यादी जरा साफ करू. एकच फोन नंबर पुन्हा आला म्हणजे माणूसच पुन्हा लिहिला गेलाय, असं धरून तिनं जादा नावं पुसणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला नि थेट खऱ्या यादीवर चालवला. आधी दहा नावांवर चालवून बघावा, एक प्रत बाजूला ठेवावी, निदान काकांना विचारावं, काही नाही. ऑफिसात ही राखण दुसरंच कुणी करायचं.

आज दुपारी परळच्या इस्पितळातून सांगलीच्या विकासचा मंडळात फोन आला. बायकोचं उद्या सकाळी ऑपरेशन, रक्त बॉम्बे गटाचं. हजारोंत एखाद्याचं असतं ते, आणि दुसरं कुठलंच चालत नाही.

"आसत मां," काका खुशीत म्हणाले. "दोन भावंडां आसत. आडनाव नाय आठवत, पण नंबर प्रफुल्लच्या किराणा दुकानाचो."

अनुजानं नंबर टाकला. एकच नाव आलं, खुद्द प्रफुल्लचं.

"अगो, ह्या नंबरार अडतीस जणां होती. दुकानाच्या वरच्या अख्ख्या चाळीचो फोन तो. खंय गेली?"

अनुजाच्या लहानपणी तिच्या स्वतःच्या चाळीचे फोनही असेच दुकानावर यायचे. ठाऊक नव्हतं असं नाही.

तिनं प्रफुल्लला फोन लावला. "चाळ पाडून सहा वर्षं झाली, बाई. कोण विरारला, कोण बदलापूरला. आणि मी साखर विकायचो, रक्त थोडंच विचारायचो?"

"मगे परत आण ती नावां," काका म्हणाले.

"नाही येत, काका. मीच पुसलीत."

तेवढ्यात विकासचा पुन्हा फोन. "ताई, मिळालं का कोणी?"

'बघतोय' म्हणून वेळ मारून नेता आली असती. शब्द ओठांवर आलाही होता.

"दोघांची नावं होती आमच्याकडे. माझ्या हातून पुसली गेली. आमच्यावर थांबू नका, दादा, आत्ताच दुसरीकडे बघा."

पलीकडे वॉर्डाच्या गलक्यात विकासनं कुणाकडून तरी पेन मागून घेतलं.

"बरं," विकास म्हणाला. "दुसरीकडे म्हणजे कुठे, ताई?"