बायकोच्या मापाची चप्पल

बायको गेल्यावर मी घरात नुसता बसून राहायचो. पुण्याला दिलेली पोरगी रोज फोन करायची आणि रोज एकच विचारायची, "दादा, आज बाहेर पडले का?" मी पडलो म्हणायचो. पडलेलो नसायचो. शेत बटईनं दिलेलं, ढोरं विकलेली, बाहेर जाऊन करायचं काय?

शेवटी तिनंच मला काम शोधून दिलं. मोठ्या कंपन्या आपल्याच दुकानात गुपचूप गिऱ्हाईक पाठवतात. त्यानं साध्या माणसासारखं जायचं, माल बघायचा, नोकर कसे बोलतात ते ध्यानात ठेवायचं आणि मग फोनवर रिपोर्ट भरायचा. आपण कोण ते दुकानात कळू द्यायचं नाही. पोरगी पुण्यात हेच काम करते. आमच्या हिंगोलीकडं त्यांना माणसं मिळत नव्हती, म्हणून तिनं माझं नाव टाकलं.

"बाई, मी सातवी नापास माणूस. मला काय जमतंय हे?"

"बाजारात बैल घेताना काय काय बघायचे तुम्ही? तेच बघायचं. फक्त लिहायचं."

पहिल्यांदा मला औंढ्याच्या एका मोबाईलच्या दुकानात पाठवलं. मी गेलो, बसलो, पोरानं पाणी दिलं, आलो. रिपोर्टात लिहिलं, पोरगा चांगला आहे, गरीब घरचा दिसतो, बोलायला नरम आहे. रिपोर्ट वापस आला. तपासणाऱ्यानं विचारलं होतं, चांगला म्हणजे काय? पोरगी फोनवर हसून हसून बेजार.

"दादा, सोयरीक बघायला गेलते का तुम्ही? तो काय बोलला ते लिहा. तुम्हाला काय वाटलं ते कोणी विचारलं न्हाई."

ती हसली म्हणून मला बी बरं वाटलं. तिची माय गेल्यापासून आमच्यात हसणं झालं नव्हतं.

मग तिनं मला बराबर शिकवलं. जायच्या आधी रिपोर्टातले सगळे सवाल दोनदा वाचून घ्यायचे, म्हणजे दुकानात डोळे कुठं ठेवायचे ते कळतं. दुकानात कागद काढायचा नाही. बाहेर पडलं की आधी पाटीचा फोटो, मग लगेच एका बाजूला बसून सगळं फोनमध्ये बोलून ठेवायचं. घरी जाऊन भरतो म्हणलं की निम्मं डोक्यातून निघून जातं आणि उरलेल्यात आपण मीठमसाला टाकतो. त्याचे शब्द त्याच्याच तोंडचे लिहायचे. एक रकाना मोकळा सोडायचा नाही.

यात मी माझी एक अक्कल घातली. माझी बायको जप करताना बोटांची पेरं मोजायची. मी एकेका पेरावर एकेक सवाल ठेवला. आत गेल्यावर रामराम केला का, हे पहिलं पेर. काय पाहिजे विचारलं का, दुसरं. दुकानात बोलत असताना अंगठा पेरावरून सरकत राहायचा आणि बाहेर आल्यावर त्याच वाटेनं सगळं वापस यायचं. रिपोर्ट वापस यायचे कमी झाले. आधी अख्खी दुपार लागायची, आता चहा संपेपर्यंत भरून व्हायचा. मला याची घमेंड आली, खोटं काहून बोलू.

मग हिंगोलीतल्या चपलांच्या दुकानाचं काम आलं. काचेचं दुकान, आत गार. सांगितलेलं असं होतं की घरातल्या बाईमाणसासाठी चप्पल पाहिजे म्हणायचं, ती सोबत आली नाही म्हणायचं, आणि नोकर कशी मदत करतात ते बघायचं. विकत काही घ्यायचं नव्हतं. मी बहिणीसाठी म्हणू शकलो असतो. पोरीसाठी म्हणू शकलो असतो. पण समोर उभ्या राहिलेल्या पोरीनं विचारलं, "बाबा, कोणासाठी पाहिजे?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "घरवालीला."

"माय न्हाई आल्या संगं?"

"पाय सुजलेत तिचे. चालवत न्हाई."

पाय खरंच सुजायचे. शेवटच्या महिन्यात लई सुजले होते.

"नंबर काय येतो त्यांना?"

नंबर मला कुठून माहीत असणार? मी वीत पसरली आणि पुढं तीन बोटं ठेवली. पोरगी हसली नाही. तिनं माझा हात तसाच धरून चपलेवर ठेवून बघितला. मग एक जोड काढला, मग दुसरा. याचा पट्टा सैल होतो, सुजलेल्या पायाला काचत नाही, हा धुता येतो, असं एकेक सांगत बसली. मी बी सांगत बसलो. तिला काळा रंग आवडत न्हाई. अंगठ्याची चप्पल तिला चालत न्हाई, बोटात रुतते. पेरं सगळी राहून गेली. दुकानात होतो तोवर बायको घरी होती, पाय पसरून ओट्यावर बसलेली, आणि मी वापस जायचा होतो. हे मला गोड लागलं. मेलेल्या बाईच्या नावानं खोटं बोलून राहिलो आणि ते मला गोड लागलं.

पोरगी म्हणाली, "बाबा, गाव कोणतं तुमचं?" मी सांगितलं. "अवो, मी तुमच्याच रस्त्याची, अलीकडच्या फाट्याची. असं करा, उद्या सुटी झाल्यावर मी दोन जोड घेऊनच येते. मायला घालून बघू. बसला तर ठिवा, न्हाई तर मी सकाळी वापस आणते."

"कशाला तकलीफ घेती, पोरी?"

"तकलीफ कशाची? रस्त्यात तर हाय."

मला वाटलं, दुकानातले लोक बोलतात तसं बोलली.

बाहेर येऊन मी झाडाखाली बसलो आणि रिपोर्ट भरला. त्यात एक सवाल होता, कर्मचाऱ्यानं गिऱ्हाइकासाठी काही जास्तीचं केलं का? मी खूष झालो. पोरीचे शब्द जसेच्या तसे टाकले, उद्या दोन जोड घरी घेऊन येते, मायला घालून बघू. म्हणलं, आता हिला वरून शाबासकी भेटेल. पेरं मोजली नव्हती, तरी एवढ्या लवकर आणि एवढा साफ रिपोर्ट मी आधी कधी भरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत ती खरंच आली. खांद्याला पिशवी, तोंडाला स्कार्फ.

"माय कुठं हायत?"

मला म्हणता आलं असतं, बहिणीकडं गेली. मी म्हणलं, आधी पाणी पी, पोरी. ती पाणी प्यायला आत गेली, आणि समोरच्या भिंतीला फोटो, फोटोला हार. ती तिथंच उभी राहिली. मी दारात. ती वळली तर डोळे भरलेले.

"कधी गेल्या?"

"दिवाळीच्या आधी."

तिला वाटलं म्हातारं दुःखानं भरमलं, मेलेल्या बायकोला चप्पल आणायला गेलतं. मी तिला तसं वाटू दिलं. मोरीत दोन दिवसांची भांडी पडली होती, ती तिनं घासली. चहा केला, मला दिला, आपण बी घेतला. जाताना म्हणाली, "बाबा, दुकानात येत जा. काही घ्यायचं नसलं तरी या." दोन्ही जोड पिशवीत घालून घेऊन गेली.

मी रिपोर्टाचं सांगितलं नाही. नियम होता म्हणून नाही. तिनं केलेला चहा माझ्या हातात होता म्हणून.

सकाळी पुण्याहून माझ्या पोरीचा फोन. तिला कामाची घाई होती. "दादा, तपासणाऱ्यानं विचारलंय, ती मुलगी खरंच आली का घरी?"

"आली की. दोन जोड घेऊन आली. पैसा न्हाई मागितला, बिल न्हाई, काही न्हाई. लई भली पोरगी, लिही तसं."

तिनं लिहिलं. फोटोचं आणि भांड्यांचं मी तिच्याजवळ बोललो नाही.

पुढच्या बाजारी हिंगोलीला गेलो तेव्हा मुद्दाम त्या दुकानात शिरलो. पोरगी दिसली नाही. एका पोराला विचारलं.

"तिला काढलं, आजोबा. बिल न करता माल घरी नेत होती. वरून लेखी आलं."

मी तिथंच स्टुलावर टेकलो. पोरगं म्हणालं, काय दाखवू? मी म्हणलं, काही नको.

बाहेरूनच पुण्याला माझ्या पोरीला फोन लावला. "तो रिपोर्ट वापस घे."

"एकदा गेलेला वापस येत न्हाई, दादा. काहून? खोटं होतं का त्यात काही?"

"न्हाई. सगळं खरं होतं."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर उतरून त्या पोरीचं घर विचारत गेलो. तिची माय दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. पोरगी आतून आली, मला बघून हसली. ते हसणं बघून मला उलटं फिरावं वाटलं.

"बाई, तुझ्यावर लिहिणारा मीच हाय."

तिला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. गुपचूप गिऱ्हाईक, रिपोर्ट, शाबासकी भेटेल म्हणून लिहिलेलं.

"मंग माय गेल्या ते?"

"ते खरं."

"अन् चप्पल पाहिजे होती ते?"

"ते काम होतं."

ती मायजवळ खाली बसली. "नोकरीचं जाऊ द्या, बाबा. मी त्या दिवशी घरी येऊन रडले. ही बी रडली. आमी तुमच्यासाठी रडलो."

तिची माय शेंगा सोलायची थांबली. "एवढे केस पांढरे झाले अन् मेलेल्या बाईचं नाव सांगून लेकराला फसवता व्हय?"

मी म्हणलं, मी दुकानात जाऊन सांगतो, कोणाची चूक ते.

सकाळी आम्ही दोघं हिंगोलीला गेलो. पोरगी बाहेर थांबली. मॅनेजर तरणा पोरगा, शर्ट खोचलेला. मला त्यानं खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"आजोबा, तुम्ही लिहिलं ते खरं की खोटं?"

"खरं. पण मी खोटा होतो. माझी बायको जिवंत न्हाई."

"ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही. बिल न करता माल बाहेर गेला का?"

"गेला. पण माझ्यामुळं गेला. मी पाय सुजले म्हणलो म्हणून गेला."

"गेला ना?" तो हळूच म्हणाला. "मला बी वाईट वाटतं. चांगली मुलगी होती. पण माझ्या हातात नाही."

चांगली म्हणजे काय, हे त्याला कोणी विचारणार नव्हतं.

मी बाहेर आलो. पोरगी पायरीजवळ उभी होती. "काय म्हणाले?"

मी सांगितलं. तिनं मान हलवली, स्कार्फ नीट बांधला आणि समोरच्या कापड दुकानाकडं निघाली, काम आहे का विचारायला. मी तिच्या मागं निघालो. मला वाटलं, दोन शब्द मी बी बोलेन, पोरगी कशी आहे ते सांगेन. ती थांबली.

"तुमी येऊ नका, बाबा. लोक इचारतील, हे कोण तुमचे. मी काय सांगू?"

मी रस्त्याच्या या बाजूला उभा राहिलो. ती कापड दुकानातून बाहेर आली, शेजारच्या भांड्याच्या दुकानात गेली, तिथून बी बाहेर आली. खिशात फोन वाजत होता, पुण्याहून माझ्या पोरीचा. नवीन काम आलं असेल. मी उचलला नाही. ती पुढच्या दुकानात शिरली.