सावली पाहून उडी

कोंढा गावच्या योगेंद्रला मोबाइलवर खेळताना पाहिलं, तर हा माणूस चाळिशीचा आहे की चौथीतला, असा प्रश्न पडावा. चक्कीत दळण टाकायचं, पट्टा सुरू करायचा आणि डबा भरेस्तोवर भिंतीला टेकून अंगठे चालवायचे. खेळ तरी कोणता? पंचवीस वर्षं जुना. एक बुटका माणूस डावीकडून उजवीकडे पळतो, खड्डा आला की उडी मारतो, बस. दळणाला आलेल्या बाया म्हणत, "योगेंद्रभाऊ, पीठ जाडं आलं तर त्या बुटक्याले सांगू का?" हा आपला वर न बघता पुढचा खड्डा ओलांडायचा.

त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. दहा वर्षांचा असताना, घरच्या खळ्यावर धान चुरणं, म्हणजे भाताची मळणी, चाललेली, तेव्हा डोळ्यात कुसळ गेलं. आई गोदावरीबाईच्या अंगावर तेव्हा धाकटी मुलगी होती. डोळ्यात काही गेलं की आईचं दूध घालायचं, ही तिच्या सासरमाहेरची रीत. तिनं घातलं. लेकाचं डोकं मांडीवर घेऊन, सकाळ-संध्याकाळ, आठ दिवस. नवव्या दिवशी भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पापणी उघडून पाहिली आणि आधी का नाही आणलं, एवढंच विचारलं.

घरात त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही. योगेंद्र तर नाहीच. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, पाय घसरायचा, झेल सुटायचा, चहाचा कप घ्यायला गेला की हात दोन बोटं अलीकडेच मिटायचा. पण त्यानं आईला बोल लावला नाही. मग बाजारचौकात कुणीतरी टीव्हीला जोडलेला खेळ मांडला आणि या पोराचं नशीब उघडलं. तिथं सगळं कसं भिंतीवर काढल्यासारखं. खड्डा किती रुंद ते समोर दिसतंय, दूर-जवळ ही भानगडच नाही. दोन डोळेवाले त्याच्यापुढे पाणी भरायचे.

एकोणीस वर्षांचा असताना मित्र प्रविण त्याला नवा खेळ दाखवायला भंडाऱ्याला घेऊन गेला. त्या पडद्यात खोल जग होतं. डोंगर, डोंगरामागे दुसरा डोंगर, आणि बटण फिरवलं की त्या डोंगराची पाठसुद्धा. योगेंद्रनं उडी मारली आणि पडला. पुन्हा पडला. फळी समोर दिसायची, पण पाय टेकवावा तर ती कधी अलीकडे, कधी पलीकडे. मागे थांबलेली पोरं हसली. प्रविणही हसला. योगेंद्र उठला, एकटाच एसटीनं घरी आला, आणि अंगणात तांदूळ पाखडत बसलेल्या आईला नऊ वर्षांत न बोललेलं बोलून गेला.

"तूच फोडला माहा डोळा. दूध घालू घालू फोडला. आता खेळाच्याही कामाचा नाही राहिलो मी."

गोदावरीबाईनं सूप खाली ठेवलं. त्यानंतर गल्लीतल्या कुणाच्या लेकराच्या डोळ्यात तिनं साधी फुंकरही घातली नाही. योगेंद्रनं तसले खोल खेळ कायमचे सोडले, ते दोन डोळेवाल्यांचे म्हणून. आणि आपण काय बोललो ते विसरूनही गेला. बोलणाऱ्यांना ही सवलत कुणी दिली आहे कोण जाणे.

आता गोदावरीबाईच्याच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. शिबिराची गाडी गावात दोनदा येऊन तिच्याशिवाय परत गेली होती. "नाही जात," एवढंच ती म्हणायची. रविवारी गाडी तिसऱ्यांदा येणार होती, आणि तपासणाऱ्या बाईंनी मागच्या खेपेला स्पष्ट सांगितलं होतं की उजवा डोळा पार पिकलाय, आता टाळलं तर पुढं कुणाच्या हातात काही राहणार नाही. योगेंद्रची बायको चंदा समजावून थकली. म्हातारी भिंत चाचपत न्हाणीपर्यंत जायची आणि नातीला आवाजावरून ओळखायची.

शनिवारी दुपारी ती नात, नववीतली खुशबू, चक्कीवर येऊन बसली.

"बाबा, तुमी हे काहून खेळता? याच्यात मागं काय आहे ते दिसतच नाही."

"मागं काही नसतेच. तेच बरं आहे."

"माह्या खेळात पाहा ना. डोंगराच्या मागं जाता येते. घर दिसलं तर मागच्या दारानं आत जाता येते."

"ते दोन डोळेवाल्याचं काम आहे, बेटा. एका डोळ्याले दूर-जवळ समजत नाही."

खुशबूनं क्षणभर बापाकडे पाहिलं. मग ओढणी एका डोळ्यावरून करकचून बांधली आणि आपल्या मोबाइलवर खेळायला लागली. चार फळ्या, एक पूल, एक मनोरा. एकदाही पडली नाही.

"परदा तर सपाटच आहे ना, बाबा. एक डोळा राहो का दोन, सारखंच दिसते. सुरवातीले सगळेच पडतात. मी तर दोन दिवस पडतच होती. उडी मारली का खाली माणसाची सावली पडते, ती पाहाची. सावली फळीवर आली का उतराचं."

योगेंद्रनं तिचा मोबाइल हातात घेतला. पडला. पुन्हा पडला. मग सावली फळीवर सरकताना दिसली, त्यानं बोट उचललं, आणि माणूस टेकला. खुशबूनं टाळ्या वाजवल्या. त्यालाही आनंद झाला, खोटं कशाला सांगा. पण तो तीन उड्यांपुरताच. चौथ्या उडीला त्याला अंगणात ठेवलेलं ते सूप आठवलं. त्या दिवशी प्रविणही पडला असेल, ती हसणारी पोरंही पडली असतील. ते पाहायला आपण थांबलोच नव्हतो. चक्कीतलं दळण संपून दगडावर दगड घासत होता, ते खुशबूनं सांगितलं तेव्हा त्याला कळलं.

चक्की बंद करून तो घरी आला. आई सपरीत, पुढच्या पडवीत, खाटेवर बसली होती.

"माय, भंडाऱ्याचा तो खेळ... मी डोळ्यापायी नव्हतो हारलो. मलेच येत नव्हता."

"कोणता खेळ, बाबू?"

तिला खेळ आठवत नव्हता. त्याला सगळं सांगावं लागलं. "मी तुले बोललो होतो ना. तूच फोडला म्हणून."

"ते आठवते," ती म्हणाली. "ते खरंच आहे. खेळाचं मले काय समजते? पण डोळा तर मीच घालवला ना. तू बोलला, बरं झालं. नऊ वर्षं मी वाटच पाहून राहिली होती, कधी बोलशील म्हणून."

योगेंद्र खाटेजवळ खाली बसला. "म्हणून जात नाही काय तू शिबिराले?"

"माह्या दुधानं लेकराचा डोळा गेला, आन मी दोन-दोन डोळे करून आणू? कोणत्या तोंडानं?"

चाळिशीचा गडी, अंगभर पीठ, तसाच तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. "माय, जा वो. माह्यासाठी जा." गोदावरीबाई त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. बोटं डाव्या पापणीपाशी आली की थांबायची.

रविवारी सकाळी गाडी आली तेव्हा ती नवं लुगडं नेसून दारात उभी होती. चंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. योगेंद्रनं आईला धरून गाडीत बसवलं. तपासणाऱ्या बाईंनी कागद पुढं ओढला.

"आजी, आज उजवा करू. डावा पुढच्या महिन्यात."

"उजवाच करा, बाई. डावा राहू द्या."

"काहून? तोही होते ना."

"माह्या लेकाले डावा नाही," गोदावरीबाई म्हणाली. "माहाही राहू द्या."

बाईंनी योगेंद्रकडे पाहिलं. दार लागलं, गाडी निघाली. आईची कपड्यांची पिशवी त्याच्या हातातच राहिली होती.