अक्कांच्या पांढऱ्या चादरी

आठ फेब्रुवारी, रविवार. सकाळी साडेनऊला अक्कांच्या दोन पांढऱ्या चादरी ब्लीचमध्ये भिजत घातल्या. डाग काढायला तेवढाच दिवस हातात होता. सोमवारी अक्का लेकीकडे जाणार होत्या.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सासरचं घराणं कैक पिढ्या बेंगळूरचं, त्यांच्या घरात आईलाही अक्काच म्हणतात. मी नाशिकची, पण लग्नानंतर मीही तेच म्हणू लागले. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर चामराजपेटच्या घराचे जिने त्यांना जमेनात, म्हणून दिवाळीनंतर त्या आमच्याकडे बेळ्ळंदूरला आल्या. येताना सुती पांढऱ्या चादरी घेऊन आल्या. रंगीत चादरीवर त्यांना झोप येत नाही. "मळ दिसलाच नाही तर धुणार काय?" असं त्यांचं म्हणणं. आमच्या चादरी मात्र सगळ्या गडद, छापील. मी नोकरी करते, मळ न दिसणं ही माझी सोय आहे.

जानेवारीत त्यांच्या चादरींवर पिवळट डाग दिसू लागले. वय अठ्ठ्याहत्तर, रात्री दोनदा उठतात. मी काय समजायचं ते समजले. विचारायचा संकोच वाटला, म्हणून त्या अंघोळीला गेल्यावर गादीवर मेणकापड घातलं आणि वरून चादर ओढली. न बोलता केलं म्हणजे त्यांचा मान राखला, असं मला वाटलं. पण मेणकापड कूस बदलली की वाजतं.

"हे काय घातलंयस?" त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"गादीला बरं असतं, अक्का."

"गादीला! सरी, बरं. आता पाळणाही आणून टाक."

त्यानंतर त्या विषय काढेनात आणि संध्याकाळी पाचनंतर पाणीही पिईनात. शेवटी त्यांनी मल्लेश्वरमला माझ्या नणंदेला फोन केला. मी ओट्याशीच होते. "सोमवारी येऊन ने मला. असले डाग धुवायचे तर लेकीनं धुवावेत. सुनेपुढे किती मान खाली घालू?"

त्या रविवारी ब्लीचच्या टबात मी आणखी एक चादर टाकली होती. त्यांना द्यायला म्हणून नवीन घेतलेली, खळ जावी म्हणून आदल्या दिवशी एकदा धुतलेली. तासाभराने पाहिलं तर डाग जायचे सोडून चहासारखे तपकिरी झाले होते. आणि तसेच डाग नव्या चादरीवरही होते. तिच्यावर अजून कुणी पाठही टेकली नव्हती.

मी पांढऱ्या बादलीत नळाचं पाणी घेतलं, त्यात बूचभर ब्लीच ओतलं आणि थांबले. अर्ध्या तासात पाणी तांबूस झालं, तळाशी गाळ बसला. नवऱ्याला बोलावून दाखवलं.

"टँकरचं पाणी," तो म्हणाला. "महिनाभर तेच येतंय. सोसायटीच्या ग्रुपवर होतं की."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला मेणकापडाचं सांगितलंस?"

पाण्यात लोखंड असेल तर ब्लीच डाग काढत नाही, पक्का करतं. मी ते पाणी ओतून दिलं, चादरी दोनदा खळबळून घेतल्या आणि कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून त्यात घातल्या. पिण्याच्या पाण्याचा अर्धा कॅन त्यात गेला. दुपारपर्यंत डाग उतरले, संध्याकाळी चादरी वाळल्या.

अक्का दिवसभर खोलीत बॅग भरत होत्या. मी दोनदा दारापर्यंत गेले. एकदा जेवायला चला म्हटलं, एकदा औषध घेतलंत का विचारलं. एरवी माझं तोंड फटकळ आहे, पण चुकले म्हणायला ते उघडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच तिन्ही चादरी घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

"अक्का, डाग पाण्याचे होते. टँकरच्या पाण्यात लोखंड आहे. तुमचं काही नव्हतं. मी न विचारता ठरवलं. चुकले."

त्यांनी वरची चादर उलटसुलट करून पाहिली. "ही तर नवी दिसते."

"हिच्यावरही पडले होते."

"तू स्वतः बघितलंस?"

"बघितलं."

"मग मी बरी आहे म्हणायची." त्या पलंगावर बसल्या. "रोज उठल्याउठल्या चादर चाचपायची गं मी. वाटायचं, आपल्यालाच कळत नसेल."

मी गादीवरचं मेणकापड ओढून काढलं. मग नणंदेला फोन लावून त्यांच्या हातात दिला. काय सांगायचं ते त्यांनी ठरवायचं होतं.

"न्यायला येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "जेवायला ये. आणि तुझ्या वहिनीला स्वल्प चिडव. तिनं नळाचं पाप माझ्या माथी मारलं होतं."

मी स्वयंपाकघरात जाऊन कुकरला एका माणसाचे तांदूळ जास्त लावले आणि ऑफिसला कळवलं, आज उशिरा येते.