फळ तुमचं, झाड माझं

माझ्या साडूइतका कडवा मालक अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये सापडणार नाही, आणि गंमत म्हणजे त्याच्या मालकीचं डोळ्यांना दिसेल असं एका शिडीखेरीज काहीच नाही. पेणकरपाड्यातलं घर भाड्याचं, स्कूटर आमच्या सासऱ्यांची. त्याचा आहे तो एक प्रोग्राम. कुठल्या सोसायटीला पाण्याचा टँकर कधी पोचवायचा ते ठरवणारा, घरी बसून एकट्याने लिहिलेला. टँकरवाल्यांना तो वापरायला मिळतो, विकत मिळत नाही.

पूर्वी तो असा नव्हता. त्याचा पहिला प्रोग्राम त्याने एका कंपनीला नुसत्या शब्दावर दिला. कंपनीने त्यावर स्वतःचं नाव घातलं, दहा जणांना विकला आणि वर यालाच नोटीस धाडली, की तुम्ही तो वापरायचा नाही! दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा ताकवाल्याची सही घेऊन पितो. मी एकदा शिडी मागायला गेलो तर म्हणाला, "न्या की साडूभाऊ, पण वापरण्यापुरती. तिच्यात काही सुधारणा केलीत तर तीही माझीच." शिडीत मी कसली डोंबलाची सुधारणा करणार होतो!

गिऱ्हाइकाला करार समजावताना तो थेट रत्नागिरीच्या बागेत शिरतो. "आमचे आजोबा मोसमाचा आंबा व्यापाऱ्याला द्यायचे. व्यापारी फळ उतरवून न्यायचा. झाड नेलं का कधी कुणी?" भाईंदरच्या एका शेठनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ठीक है, दो पेटी का क्या भाव?" साडूने मे महिन्यात खरोखरच एक पेटी पाठवली, वर करार ठेवून. शेठनी आंबे खाल्ले आणि सही केली.

मग काशीगावचा एक बडा टँकरवाला आला. त्याला प्रोग्राम मुळासकट हवा होता. "पैसा मी देतोय, मग माल माझा. सिंपल हाय."

"भाडेकरूचं नाव सातबाऱ्यावर चढतं का?" साडू उसळला.

एवढं गिऱ्हाईक जाणार म्हणून त्याच्या बायकोने अबोला धरला. मीही म्हणालो, "दे बाबा, हट्ट सोड." तर माझ्यावरच खेकसला, "डोकं भाड्याने देतोय साडूभाऊ, विकायला नाही काढलं!"

शेवटी टँकरवाल्याने साधाच प्रश्न विचारला. "तू एकटा माणूस. उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर माझ्या गाड्यांचं काय?"

साडू करार गुंडाळून घरी आला. चार दिवसांनी तो नवी अट लिहून घेऊन गेला. मूळ प्रोग्राम, म्हणजे ज्यावरून दुसऱ्या कुणालाही तो दुरुस्त करता येईल असा, पेन ड्राइव्हवर, सीलबंद पाकिटात, दोघांच्या विश्वासातल्या तिसऱ्या माणसाकडे राहील. साडू गेला तरच ते पाकीट टँकरवाल्याला द्यायचं. तोवर मालक साडूच. टँकरवाल्याची दोन्ही मुलं शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे तिसरा माणूस मी ठरलो. टँकरवाल्याने सही केली. माझा साडू जिंकला.

तेव्हापासून ते पाकीट माझ्या कपाटात आहे. प्रोग्राममध्ये काही बदललं की साडू नवं पाकीट आणतो, जुन्याचं सील उलटसुलट तपासून परत नेतो. "तुमच्यावर अविश्वास नाही हो," असंही वर म्हणतो. पण कपाटातून कपडे काढताना त्या पाकिटाला हात लागला की मी ते आणखी आत सरकवतो. परवा तो नवं पाकीट घेऊन आला तेव्हा मी त्याला सांगून टाकलं, "हे बघ, वयाने मी मोठा. आधी मी जाणार. हे पाकीट द्यायची पाळी तू माझ्यावर आणायची नाहीस."

वाटलं, आता वाद घालेल. पण तो "बरं" म्हणाला, आणि जुनं पाकीट सील न तपासताच खिशात घालून घेऊन गेला.