साखर नसलेल्या किचनमधला गोड चहा

अभयशेठनी डबी काउंटरवर आपटली. झाकण उडून माझ्या पायाशी आलं.

"ह्यात साखर हाय. बघा की डोळं उघडून!"

मी बघितलं. स्टीलच्या छोट्या डबीच्या तळाशी खरंच साखर होती. चिमूटभरच, पण पांढरी आणि कोरडी. आणि त्या डबीत जे जातं ते माझ्या हातचं असतं.

आमचं कोल्हापुरात डाएट टिफिनचं किचन आहे. मॅडम आहारतज्ज्ञ. त्या प्रत्येकाचं जेवण ठरवतात, आम्ही बनवतो, रिक्षावाले वसंतमामा घरोघर पोचवतात. दुपारच्या डब्याबरोबर एक लहान डबी जाते. तिच्यात काळ्या चॉकलेटच्या दोन वड्या. त्या वड्या करायला मी आहे. माझी पोस्ट म्हणाल तर तेवढीच.

मी गोंदियाकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. पुण्यात एका बेकरीत भांडी घासता घासता चॉकलेट शिकलो. इथं आलो तेव्हा मॅडमनी मार्कशीट मागितली नाही. म्हणाल्या, "करून दाखवा." केलं. एक वडी खाल्ली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या." ते उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच किचनमध्ये काही बिघडलं की मला आधी खोलीवरची बॅग दिसते. आता जावं लागतंय, असंच वाटतं.

"साखर शक्य नाही जी," मी म्हणालो. "आमच्या किचनमध्ये साखर येतच नाही."

"मग ही काय आभाळातनं पडली? महिना झाला आमची अक्का तुमचा डबा खातीया. वजनाचा काटा हाय तितंच. आज तुमचा रिक्षावाला आला न्हाय म्हणून रिकामा डबा परत द्यायला मी निघालो. वाटेत सहज डबी उघडली, तर ही!" मग आवाज खाली आला. "डॉक्टर म्हणालाय, वजन उतरल्याशिवाय गुडघ्याला हात लावणार न्हाय. बाई जिन्यावरनं बसून बसून उतरतीया, पावणं."

इतकी वर्षं इथं राहून मी अजून पावणाच आहे. एरवी त्याची गंमत वाटते. त्या दिवशी वाटली नाही.

आवाज ऐकून मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. त्यांनी डबी बघितली, मला बघितलं. अभयशेठना म्हणाल्या, "मी शोध लावते. शनिवारी सांगते." ते गेल्यावर मला म्हणाल्या, "शनिवारपर्यंत कळलं नाही तर वड्या बंद करू. नाव खराब व्हायला एक डबी पुरते."

वड्या बंद म्हणजे मी बंद. त्यांनी तसं म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

इथं वडीबद्दल थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर साखरेवरून एवढा गोंधळ का ते कळणार नाही. कोकोच्या बिया भाजून दळल्या की त्यांचं स्वतःचंच तूप सुटतं. त्याला कोको बटर म्हणतात. आमच्या वडीत कोको, त्याचं ते तूप, बदाम, भाजलेलं खोबरं आणि दोन-चार काळे मनुके. बास. बाजारातल्या चॉकलेटची गोडी नाही. पहिल्यांदा खाणारा तोंड वाकडं करतो. पण मॅडमचं म्हणणं असं की साखरेनं भूक पटकन भागते आणि पटकन परत येते. जेवणाशेवटी थोडा स्निग्ध पदार्थ पोटात गेला की माणूस चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे जात नाही.

हे गिऱ्हाइकांना समजावताना मात्र आमचा जीव जातो. अर्धे म्हणतात, "चरबी उतरवायला आलोय आणि तुमी तूप चारताय व्हय?" उरलेल्या अर्ध्यांना फक्त 'तूप चालतं' एवढंच ऐकू येतं. पेठ वडगावचे एक व्यापारी तर रोज वाटीभर तूप ओतून पुरणपोळी खात होते आणि वर आमचा डबा. मॅडमनी विचारलं, तर म्हणाले, "तुमीच म्हणला की!" मॅडम त्यांना म्हणाल्या, "तूप पोळीच्या बदल्यात म्हटलं होतं, पोळीवर नाही!" ते म्हणाले, "मग नुसतं तूप कुठं खात्यात?" आणि दुसऱ्या दिवसापासून डबा बंद केला.

तर मी शोधाला लागलो. कोकोची पोती उघडली, बदामाच्या पिशव्या झटकल्या, मनुके धुऊन बघितले. साखर कुठंच नाही. नवीन वडी करून मॅडमना दिली. कडूच होती. मॅडमना वाटलं मी काहीतरी लपवतोय. मला वाटलं मॅडमना तसं वाटतंय. असं दोन दिवस चाललं.

शुक्रवारी चार वाजता स्टाफचा चहा झाला. मॅडम एरवी केबिनमध्ये काळी कॉफी घेतात. त्या दिवशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "डोकं धरलंय. मलाही अर्धा कप द्या."

हौसामावशींनी कप दिला. मावशी आमच्याकडे डबे धुतात, चहाही त्याच करतात. मॅडमनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हा चहा गोड आहे."

चहा गोड असतो हे मला रोज कळत होतं. साखर कुठून येते हे मी कधी विचारलं नव्हतं. वाटायचं, मावशी घरून आणत असतील. फुकटच्या चहाची चौकशी कोण करतं?

"किचनमध्ये साखर आहे?" मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं. माझ्याकडेच का, ते देव जाणे.

"हाय की," मावशी म्हणाल्या. धुण्याच्या ओट्याखालून त्यांनी काचेची बरणी काढली. अर्ध्याच्या वर भरलेली. "ही काय."

मॅडम खुर्चीत बसल्या.

"कुठून आणली?"

"आणतोय कशाला? डब्यातनं येती. गिऱ्हाईक घालत्यात." मावशींना आमच्या अज्ञानाचं नवल वाटत होतं. "रिकामं भांडं परत कोण देतंय, बाई? कोण साखर घालतंय, कोण गुळाचा खडा. ती उद्यमनगरातली पद्माअक्का तर कधी चुकत न्हाय. डबे धुवायच्या आधी मी काढून ठेवतो. टाकायची व्हय?"

पद्माअक्का म्हणजे अभयशेठच्या आई; ते आईला अक्काच म्हणतात.

आणि मग मला माझाच राग आला. ही रीत आमच्या गावीही आहे. आई शेजारच्या घरी भांडं परत पाठवताना मूठभर तांदूळ तरी टाकते. पण इथं मी खोलीवर एकटा. मला कुणी वाटी देत नाही, मी कुणाला देत नाही. माझ्या डोक्यात ते आलंच नाही.

मॅडम हसल्या नाहीत. "चला, डबीतल्या साखरेचं कळलं. पण ती साखर अक्का देतात, खात नाहीत. मग वजन का उतरत नाही?"

माझी सुटका झाली असं वाटत होतं, तेही गेलं. वजन उतरलं नाही तर वड्यांवरच खापर फुटणार होतं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं अक्कांच्या घरी गेलो. चौथा मजला, लिफ्ट बंद. दार अक्कांनीच उघडलं, चौकटीला धरून. हे जैन कुटुंब. सूर्य मावळायच्या आत जेवण, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य, मध वर्ज्य. इतकं पथ्य पाळणारी बाई डाएट चुकवते हे मॅडमना पटतच नव्हतं.

साखरेचं ऐकून अभयशेठ ओशाळले. "अक्का, तू घालतीस व्हय साखर? आणि मी ह्या पावण्याच्या अंगावर गेलतो!"

"मग रिकामी देऊ?" अक्का म्हणाल्या. "लोकं काय म्हणतील?"

"अक्का, दुपारी डब्याशिवाय काय खाता?" मॅडमनी विचारलं.

"काय न्हाय."

"काहीच नाही?"

"चव बघती जरा. त्याला खाणं म्हणत न्हाईत."

एवढ्यात दार वाजलं. समोरच्या ब्लॉकमधल्या मंगलवहिनी. माहेर कोडोलीचं, आवाज मजलाभर. हातात झाकलेली वाटी.

"अक्का, वाटी द्यायला आलतो. शिरा हाय. गरम हाय तंवर खा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून भांड्यांच्या मांडणीकडे बघितलं. स्टीलच्या भांड्यांवर आपल्याकडे नाव कोरलेलं असतं. अक्कांच्या मांडणीवर वेगवेगळ्या घरांच्या नावाच्या वाट्या ओळीनं उभ्या होत्या. एकीत लाडू होता. एकीत सायीसकट थोडी खीर उरली होती.

"ही कुठली खीर?" मॅडम म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. अक्कांनी पहिल्या आठवड्यात माझी वडी मंगलवहिनींना चाखायला दिली. वाटीतून. वाटी रिकामी येईना, शिरा घेऊन आली. मग खालच्या मजल्यावरच्या म्हणाल्या, आम्हाला न्हाय व्हय ते चॉकलेट? त्यांनाही गेली. तिकडून लाडू आले. म्हणजे अक्का माझ्या वड्या वाटत होत्या आणि त्यांच्या बदल्यात रोज दोन-तीन वाट्या गोड खात होत्या. आणि ज्या वडीनं त्यांची भूक थांबायची, ती मंगलवहिनींची थांबत होती.

"अन्न कसं टाकायचं?" अक्का म्हणाल्या. "पाप लागतंय."

मॅडमचा संयम संपला. "वहिनी, यांना गोड देऊ नका. कृपा करून."

"म्हंजे आमच्या हातचं इख हाय व्हय?" वहिनी कडाडल्या.

"तसं नाही. पण रोज शिराच का? दुसरं काही द्या ना."

"काय देऊ सांगा की! तांबडा रस्सा देऊ? ह्यांच्यात कांदा चालत न्हाय, लसूण न्हाय, बटाटा न्हाय. आमच्या घरात कांद्याबिगर एक भाजी हुईत न्हाय. मग गोडच ऱ्हातंय की!"

अभयशेठ खिडकीतून बाहेर बघत होते.

मॅडमनी तोडगा काढला. सोमवारपासून डबी बंद. वडी कागदात गुंडाळून पाठवायची. भांडंच नाही तर परत काय करणार? मला हे फार पटलं. आठवड्यानं वजन बघितलं तर काटा थोडा वरच गेला होता. चौकशी केली. कागदातली वडी शेजारी नुसती कशी द्यायची म्हणून अक्का ती ताटलीत ठेवून देत होत्या. आणि आता ताटली भरून परत येत होती.

मॅडमनी केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

मी डोकं धरून बसलो. अक्कांना वाटणं सोडता येणार नव्हतं. वहिनींना रिकामं देता येणार नव्हतं. दोघींपैकी कुणी चुकत होतं असं मला मनापासून वाटत नव्हतं, आणि त्याचाच जास्त वैताग येत होता. भांडायला माणूस तरी पाहिजे ना. शेवटी संध्याकाळी मी एकटाच मंगलवहिनींच्या दारात गेलो. घाबरतच.

"वहिनी, तुमच्या गावाकडनं दूध येतं ना?"

"म्हशीचं. का वं?"

"मग अक्कांच्या वाटीत ताक द्याल का? साखर न घालता. नाहीतर काकडी. उकडलेले मूग. कांद्याशिवाय जे होईल ते."

वहिनींनी कमरेवर हात ठेवले. "ताक? वाटीतनं? मांजराला देत्यात तसं?"

"मग कशातनं?"

"तांब्यातनं देतो की!" आणि लगेच पुढं, "पर तुमची ती काळी वडी मला बी लागती, पावणं. अक्काच्या वाट्याची न्हाय. माझी माझी. चार वाजता भूक लागत न्हाय तिच्यानं."

मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "द्या बाबा. काय वाट्टेल ते द्या." वहिनींची वेगळी वडी सुरू झाली. खालच्या मजल्यावरच्यांचीही. सगळ्यांना ज्याची त्याची वडी मिळायला लागली, तेव्हा अक्कांची वडी अक्कांच्याच पोटात जायला लागली. वाट्यांची ये-जा थांबली नाही. फक्त त्यांतून काकडी, मूग, ओलं खोबरं फिरायला लागलं. ताकाचा तांब्याही रोज जातो. तो रिकामा परत येत नाही, आता अक्का त्यात कढीपत्ता घालून पाठवतात.

वजन उतरलं. सिनेमात उतरतं तसं नाही. हळूहळू, मधे रुसून बसत. पण डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. एक गुडघा झाला. दुसरा व्हायचा आहे.

मॅडम आता नवीन गिऱ्हाईक आलं की उंची-वजनाच्या आधी विचारतात, "शेजारी कोण राहतं?" लोक गोंधळतात. मी आतून ऐकतो. डाएटमध्ये जेवण ठरवणं सोपं काम आहे. अख्ख्या मजल्याचं जेवण ठरवावं लागतं, तिथं जीव जातो. हौसामावशींची बरणीही बंद झाली. स्टाफचा चहा आता बेचव असतो आणि त्याचा दोष मावशी मलाच देतात.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी अभयशेठ आले. काउंटरवर डबी ठेवली. या वेळी हळू. पहिल्या महिन्यातली, आमच्याकडे परत यायची राहून गेलेली डबी.

"अक्कानं दिलीया. तुमच्यासाठी."

उघडली. काठोकाठ साखर.

"किचनमध्ये चालत नाही जी," मी म्हणालो.

"किचनला न्हाय दिली. तुमाला दिलीया. खोलीवर न्या."

मी नेली. त्या रात्री खोलीवर माझ्यापुरता चहा केला, गोड. मग डबी धुऊन पुसून ठेवली. डबी किचनची, पण आली अक्कांच्या घरून. ती तशीच फडताळात नेऊन ठेवायला हात धजेना. माझ्या खोलीत घालण्यासारखं काही नव्हतं. सकाळी किचनमध्ये जाऊन वडी केली, पहिली त्या डबीत ठेवली आणि वसंतमामांना सांगितलं, ही हिशेबातली नाही, पद्माअक्कांना द्या.

संध्याकाळी डबी परत आली. त्यात पुन्हा साखर होती.